काशीद सरांची हजेरी

"सर, खरं सांगा. आज सकाळी काही व्यायाम केला होता का?"

स्कॅनच्या खोलीतून बाहेर आलेला तो तरुण डॉक्टर आमच्या सरांसमोर उभा राहून विचारत होता. चेहरा असा, जणू परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी सापडलीय. आणि आमच्या सरांनी काय करावं? खुर्चीत ताठ झाले, छाती पुढे काढली, ज्या छातीत ती मेली गाठ होती तीच, आणि म्हणाले, "केला की. रोजच करतो."

मी कपाळावर हात मारून घेतला.

आमचे सर म्हणजे माझे यजमान, विश्वंभर काशीद. बार्शीच्या शाळेत ते पी.टी. शिकवायचे आणि मी शिवण. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सरच म्हणत आले. ते मला एरवी 'अगं' म्हणत, आणि टाळकं फिरलं की 'काशीदबाई'. रिटायर होऊन वर्षं लोटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. नोकरीत असताना संध्याकाळी कधी वेळेवर घरी आले नाहीत. चहा तीनदा गरम करून मी तोंड सोडलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मैदानावर शेवटचं पोरगं असेपर्यंत मास्तर घरी जात नसतो." शेवटचं पोरगं म्हणजे कुठलं तरी लठ्ठ, धापा टाकणारं, फेरी पुरी करायला अर्धा तास लावणारं. त्याच्यासाठी हे टाळ्या वाजवत उभे, आणि इकडे माझी भाकरी वातड.

या माणसानं उभ्या जन्मात विडी ओढली नाही. उलट शाळेच्या संडासामागे विड्या फुंकणारी पोरं पकडायची आणि त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचं, यात हयात गेली. त्यातलंच एक पोरगं पुढे नगरसेवक झालं. सरांच्या खोकल्यात रक्त पडलं, फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हा पुण्याला सोडायला तोच आपली गाडी घेऊन आला, ठणठणीत, खिशात सिगारेटचं पाकीट. सर रस्ताभर त्याच्याकडे असे बघत होते, जणू गाठ चुकून दुसऱ्याच्या पत्त्यावर टाकली गेलीय.

तर व्यायाम. "कागदावर छापलंय ना, कालपासून श्रमाचा व्यायाम करू नका म्हणून?" मी म्हटलं. "मी स्वतः वाचून दाखवलं होतं."

"मला कुठे श्रम झाले?"

"काय काय केलंत सर?" डॉक्टरनं विचारलं.

"नमस्कार घातले. मग बैठका. थोडे जोर. लॉजची गच्ची झकास आहे, वारा येतो." मग माझ्याकडे बघून, "तपासणीला जाताना अंग मोकळं पाहिजे. ताठरलेल्या अंगानं कोणी मैदानात उतरतं का?"

सकाळी पेपर आणायला म्हणून हे वर गेले आणि घामानं निथळत खाली आले, तेव्हा मला वाटलं, बिचारे घाबरलेत. मी पदरानं कपाळ पुसलं, पाठीवरून हात फिरवला, देवाचं नाव घ्या म्हटलं. आणि या गृहस्थानं गप्प बसून सगळं करून घेतलं.

डॉक्टरचं नाव रेवण बिराजदार. आमच्या सोलापूरकडचाच, अजून शिकत होता. माझा अवतार बघून त्यानं घाईघाईनं समजावून सांगायला घेतलं. "काकू, आम्ही जे टोचतो ती साखरच असते, फक्त किरणं सोडणारी. शरीरात जिथे साखर जास्त खाल्ली जाते, तिथे फोटोत उजेड दिसतो. कॅन्सरची गाठ खादाड असते, म्हणून ती चमकते. पण आज सरांच्या मांड्या, दंड, खांदे, सगळीकडे दिवाळी आहे. त्यांनीच सगळी साखर खाल्ली. गाठीला काही उरलंच नाही."

"म्हणजे गाठ उपाशी राहिली," सर म्हणाले. "बरंच झालं की."

"नाही सर. ती फिकट दिसतेय. फिकट दिसली की वाटतं, आजार सौम्य आहे, पेशंट पुष्कळ दिवस काढील. आणि ते खोटं असेल. तीन दिवसांनी पुन्हा करावं लागेल."

लॉजवर परत आल्यावर मी पहिल्यांदा त्यांचे कॅनव्हासचे बूट माझ्या पिशवीत कोंबले आणि पिशवी उशाशी घेतली. पुढचे दिवस मी त्या माणसाची राखण केली. जिना चढायचा नाही, पिशवी उचलायची नाही. तरी खाटेवर बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायचे. मी डोळे वटारले की थांबायचे, आणि थोड्या वेळानं पायाचा अंगठा सुरू. लेक नाशिकला, दिवस भरत आलेले, तिला बोलावणं शक्य नव्हतं. ती फोनवर रडायची आणि मी म्हणायची, "अगं, तुझ्या बापाला काही होत नाही, मलाच होणार आहे."

तिथेच त्या खाटेवर बसून त्यांनी आपला निकाल सांगितला. "हे बघ. रिपोर्ट चांगला आला तर डॉक्टर म्हणतील ते करीन. वाईट आला तर सरळ बार्शीची एसटी. औषध नाही, सलाईन नाही. दादाचं बघितलंस ना?"

बघितलं होतं. त्यांचे थोरले भाऊ नामदेवदादा. असाच आजार, असंच मोठं हॉस्पिटल. केस गेले, तोंडात फोड आले, आवडीची शेंगाचटणी समोर धरली तर तोंड फिरवायचे. शेवटी नळ्या लावलेल्या अवस्थेत परक्या गावात गेले. तेव्हापासून सरांच्या मनात ते घट्ट बसलं होतं.

"आणि माझं काय?" मी म्हटलं.

"तुझं पेन्शन आहे की."

"त्या पेन्शनशी भांडू का मी सकाळ-संध्याकाळ?"

त्यांचा अंगठा हलायचा थांबला.

मला भीती वाटत होती, सरळ सांगते. या माणसाचं बोलणं म्हणजे शिट्टी वाजली की वाजली, परत घेणं नाही. म्हणून मी दुसऱ्या दिवशी गुपचूप त्या रेवणला हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये गाठलं आणि म्हटलं, "बाळा, तो पहिलाच फोटो ठेवला तर नाही का चालणार? तो फिकटवाला?"

"काकू, त्यावरून उपचार ठरवले तर चुकतील."

"पण घेतील तरी ना ते."

त्या पोराला माझी अडचण कळली असावी. पण त्यानं मान हलवली, आणि मी मनातल्या मनात त्याच्या शिक्षणाचा उद्धार करत परत आले.

दुसरा स्कॅन नीट झाला. त्या तासाभरात सरांनी पापणीसुद्धा मोजून हलवली म्हणे, असं नंतर रेवणच सांगत होता. मग आम्हाला मोठ्या मॅडमच्या खोलीत बोलावलं. परांजपे मॅडम, पांढऱ्या केसांच्या, शांत. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवला. मांड्या या वेळी काळ्याभोर, सभ्य. आणि छातीत उजव्या बाजूला एक लखलखीत गोळा, त्याच्या शेजारी मधोमध आणखी बारके ठिपके.

"ऑपरेशन करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "गाठी मधल्या भागात पसरल्यात. औषधं आणि किरणं, दोन्ही देऊ."

"मॅडम, मी आयुष्यभर स्टॉपवॉच हातात धरलं," सर म्हणाले. "मला वेळ सांगा."

"वेळ मी सांगत नाही. अंदाज सांगते."

"तो सांगा."

मॅडमनी चष्मा काढला. "गाठी किती आहेत आणि किती चमकतात, यावरून आम्ही एक आकडा काढतो. तुमचा आकडा जास्त आहे. इतका असलेल्यांपैकी निम्मे पेशंट, उपचार घेऊनही, दीड वर्षाच्या आत जातात."

मी विचारलं, "आणि बाकीचे निम्मे?"

"ते त्यापुढे जातात. काही जण बरेच पुढे. कोण जाणार, हे मला आधी सांगता येत नाही."

पण सरांच्या कानात एवढंच शिरलं, दीड वर्ष. ते उठले, मॅडमना नमस्कार केला, "आभारी आहे. उपचार नकोत," म्हणाले आणि शाळेच्या संचलनात चालल्यासारखे बाहेर पडले. लॉज सोडून आम्ही बॅग बरोबरच आणली होती. ते तडक गेटकडे निघाले. मी बाहेरच्या बाकावर बसले. बॅग पायाशी घेतली आणि तिच्यावर दोन्ही पाय ठेवले.

ते मागे वळले. "काशीदबाई, चला."

"मी येत नाही."

"एसटी चुकेल."

"चुकू दे. तुम्ही जा. मी इथेच राहते, इथला उपमा बरा असतो."

लोक बघायला लागले. सरांना लोकांसमोर तमाशा झालेला खपत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. शेवटी ते माझ्या शेजारी बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले, शिट्टी मुठीत धरून. मी रडत होते आणि ते समोरच्या भिंतीवरची 'थुंकू नका' ही पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते.

अशा वेळी तो रेवण आला. हातात कागद. आमची ती दशा बघून परत फिरणार होता, पण सरांनी मास्तरी आवाजात विचारलं, "काय आहे?"

"सर, नंतर येतो."

"नंतर आम्ही बार्शीत असू. बोल."

तो अवघडून उभा राहिला. "मी एक अभ्यास करतोय, माझ्या पदवीसाठी. स्कॅनमध्ये गाठ किती चमकते, आणि पेशंटचं पुढे कसं होतं, याचा मेळ बसतो का ते बघायचं. तुमचा स्कॅन त्यात घ्यायचा होता. तुमची परवानगी लागते."

"घे की. मला काय करावं लागेल?"

"काहीच नाही. मी दर तीन महिन्यांनी घरी फोन करीन."

"कशाला?"

"चौकशीला."

"कसली चौकशी?"

पोरगं घामाघूम झालं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "पेशंट... आहेत का, ती."

"म्हणजे मी मेलो का, ते."

"हो सर."

"अरे, जनाची नाही तर मनाची ठेव," मी खेकसले. "माणूस इथे जिवंत बसलाय आणि तू त्याच्याकडेच परवानगी मागतोस?"

पण सर हसत होते. पुण्याला आल्यापासून पहिल्यांदा. असे हसले की खोकल्याची उबळ आली, मी पाठ चोळली. मग एकाएकी हसू थांबलं आणि त्यांनी रेवणकडे रोखून पाहिलं. पोरगं खोटं बोलत असलं की असंच बघायचे.

"थांब. तुमच्या त्या यंत्राला ठाऊक आहे ना, मी कधी जाणार ते?"

"नाही सर. तो अंदाज असतो."

"आणि तो अंदाज बरोबर निघाला का, हे बघायला तू फोन करणार."

"हो."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही सर."

"मॅडमना?"

"त्यांनाही नाही. माहीत असतं तर मला फोन कशाला करायला लावले असते?"

सरांनी शिट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "समजा, मी दीड वर्षात गेलोच नाही. मग?"

"मग माझा आलेख बिघडेल."

"किती बिघडेल?"

"तुम्ही किती राहता त्यावर, सर."

"मग टाक माझं नाव."

तेव्हा रेवण जे बोलला, त्यासाठी मी आजही त्याचं भलं चिंतते. कागदाशी चाळा करत तो म्हणाला, "पण सर, हा अभ्यास उपचार घेतलेल्यांचाच आहे. तुम्ही घेणार नाही असं मॅडम म्हणाल्या. मग तुम्हाला घेता येणार नाही."

"म्हणजे मी बाद?"

"बाद."

आता, विश्वंभर काशीद या माणसाला जन्मात कोणी बाद केलं नव्हतं. बाद करायचं काम त्यांचं. पुढचा सगळा वेळ ते भिंतीवरची पाटी वाचत बसले. मी रडणं आवरून गुमान बसले, कारण अशा वेळी तोंड उघडलं की चाललेलं काम बिघडतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात शिकले होते.

शेवटी ते उठले. "दादासारखं व्हायला लागलं तर मी मध्येच थांबेन."

"थांबा," मी म्हटलं.

"काशीदबाई, पाय काढा बॅगेवरून. लॉजवर खोली मिळते का बघतो."

पुढचं सोपं नव्हतं, उगाच गोड करून सांगत नाही. ज्याला ते भीत होते ते सगळं झालं. वांत्या झाल्या, केस गेले, गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. दोनदा त्यांनी 'बस झालं' म्हटलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, "बरं. त्या रेवणला कळवते, काशीद सर बाद." दोन्ही वेळा मला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी गेले.

मग आम्ही बार्शीला आलो आणि तीन महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, घरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडून चाचरत आवाज, "नमस्कार, काशीद यांचं घर का? मी हॉस्पिटलमधून... ते... पेशंट..."

सरांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि शेजारच्या वाड्यातलं कुत्रं भुंकायला लागेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "हजर!"

तेव्हापासून तो शिरस्ताच झाला. तीन महिन्यांनी, पहिला सोमवार. त्या दिवशी सर सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसायचे. दुसऱ्या कोणी उचललेला चालायचा नाही. हजेरी दिली की चौकशी, "आलेख कसा आहे रे?" तिकडून उत्तर यायचं, "थोडा वाकडा झालाय, सर." की हे खूश. मग रेवणच्या परीक्षेची चौकशी, त्याच्या लग्नाची, झालं की त्याच्या मुलीची. मी त्याला यमाचा कारकून म्हणायची. फोन यायच्या आधी दोन दिवस मी सरांचा खोकला मोजत बसायची. दीड वर्ष उलटलं, त्या दिवशी सरांनी शाळेत जाऊन पेढे वाटले. कशाचे, ते कोणाला सांगितलं नाही. मुख्याध्यापकांना वाटलं, नातू झाला. नातू केव्हाच झाला होता.

पाचव्या वर्षी आजार परत आला, या वेळी यकृतात. फार दिवस काढले नाहीत. आपल्या घरात, आपल्या पलंगावर होते. एका दुपारी मला म्हणाले, "यंत्राचं बरोबर होतं गं. फक्त घड्याळ मागे होतं." त्या आठवड्यात गेले. शिट्टी मी त्यांच्याबरोबर दिली नाही. ठेवून घेतली, माझी आहे ती.

दिवसकार्य झालं, लेक परत गेली, घर रिकामं झालं. आणि मी काय करत होते? तर त्या सोमवाराची वाट बघत होते. पाच वर्षं ज्या फोनच्या नावानं बोटं मोडली, त्याची. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. एकच शब्द, गैरहजर. तो ऐकायला सरांना आवडलं असतं. सकाळी उठून मी आंघोळ केली, इस्त्रीचं लुगडं नेसले आणि फोनपाशी बसले.

फोन वाजला. "नमस्कार सर, रेवण बोलतोय."

शब्द काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "बाळा, पेन घे. तारीख सांगते, लिहून घे."

पलीकडे नाक ओढल्यासारखं काहीतरी. "काकू, कधी?"

मी तारीख सांगितली. "लिहिलीस का?"

"काकू, लिहायची कुठे? तो अभ्यास संपून अडीच वर्षं झाली."

"मग हे फोन कसले?"

"संपला तेव्हा मी शेवटचा फोन केला होता. सरांना म्हटलं, सर, आता पुन्हा त्रास देणार नाही, धन्यवाद. तर मला झापलं. म्हणाले, मैदानावर शेवटचं पोरगं असेपर्यंत मास्तर घरी जात नसतो. मी अजून पळतोय, तू कुठे निघालास?"

मी भिंतीला टेकले. या माणसानं मला अडीच वर्षं पत्ता लागू दिला नव्हता.

"मग तुझ्या आलेखात काय झालं त्यांचं?" मी विचारलं. "बिघडवला का शेवटी?"

"काकू, त्यात एक रेघ असते, पायरीपायरीनं खाली उतरणारी. एक पेशंट गेला की एक पायरी. पण अभ्यास बंद झाला तेव्हा जे जिवंत होते, त्यांच्यासाठी पायरी नसते. रेघेवर एक छोटी उभी खूण करतात. तिचा अर्थ, शेवटची चौकशी केली तेव्हा हा माणूस होता. सरांची खूण आहे, अगदी उजवीकडे, एकटीच."

"आणि आता ते गेल्यावर ती बदलणार?"

"नाही. पुस्तक छापून झालं. लायब्ररीत आहे."

"मग राहू दे. कोणाला हात लावू देऊ नकोस."

"नाही देणार."

फोन कोणी ठेवेना. मग तो पहिल्या दिवशीसारखाच चाचरत म्हणाला, "काकू, तीन महिन्यांनी मी... म्हणजे तुमची हरकत नसेल तर..."

"अरे, माझा कुठे स्कॅन केलायस तू?"

"नाही केला."

"मग माझा अंदाज कसा काढणार?"

"काढणार नाही, काकू. नुसती हजेरी घेईन."

मी डोळे पुसले. "घे. पण दुपारी एक ते तीन करू नकोस. मी झोपते."